हेड सांगा! सिडकोतल्या एका उमेदवार सभेचा प्रकरण अभ्यास

सभा संपल्यावर सतरंज्या झटकता झटकता आप्पा म्हणाले, "चार उमेदवार आले, दोन तास बोलले आणि चौघांनी मिळून महापालिकेचे शून्य रुपये वाचवले."

आप्पांचा हिशेब सहसा चुकत नाही. एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेत त्यांचा जन्म गेला. पण ते शून्य आलं कसं, कोणाच्या तोंडून कुठली रक्कम निघाली आणि ती कोणी खोडली, हे टिपून ठेवण्यासारखं आहे. वॉर्डात अशी सभा घ्यायचं कोणाच्या मनात असेल तर आमच्या चुका तरी त्याच्या उपयोगी पडतील.

जागा आणि माणसं

जागा सिडको, म्हणजे कागदोपत्री नवीन नाशिक. महापालिकेच्या सहा विभागांपैकी हा एक. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांना डोळ्यांपुढे ठेवून सिडको या सरकारी महामंडळानं सहा योजनांमध्ये इथे घरं बांधली, म्हणून भागाचंही नाव तेच. त्यातलं मूळ घर आता ओळखू येत नाही, कारण बहुतेकांवर एक-दोन मजले चढलेत. त्रिमूर्ती चौकाकडून पवननगरकडे चालत निघालात तर वर बघत चाला, दर दहा पावलांवर एक जिना रस्त्यावर उतरलेला दिसेल. जळगाव, धुळे, मालेगावकडून आलेली कुटुंबं भरपूर, त्यामुळे आमच्याकडे सभा मराठीत होते आणि शेरे अहिराणीत पडतात.

आमचं मंडळ एक अभ्यासिका चालवतं. इमारत महापालिकेची, खाली समाजमंदिराचा हॉल, वर चाळीस खुर्च्या आणि ट्यूबलाइट. पोलीस भरतीची, एमपीएससीची मुलं सकाळी सहापासून येऊन बसतात. महिना दोनशे रुपये फी. मी या मंडळाचा चिटणीस. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान होतं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे प्रचार आणि तिळगूळ यंदा एकाच पिशवीतून येत होते. जानेवारीच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आम्ही आमच्या प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना बोलावलं. आले चार. त्यांची नावं आणि पक्ष लिहीत नाही. त्या संध्याकाळी जे घडलं त्यात पक्षाचा फारसा हात नव्हता. एक माजी नगरसेवक, दोनदा निवडून आलेले, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. एक ताई, बचत गटांचं जाळं उभं केलेल्या, पहिल्यांदाच उभ्या. एक तिशीतला इंजिनिअर, हातात टॅब. आणि एक अपक्ष वकील, ज्यांना आदल्या दिवशी चिन्ह मिळालं होतं आणि पत्रकं अजून छापून आली नव्हती.

यापूर्वीची महापालिका निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. ३१ प्रभाग, १२२ नगरसेवक. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथून पुढे प्रशासकीय राजवट. कायद्याप्रमाणे आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरफार करून महासभेकडे पाठवते. समिती आणि महासभाच नसल्यावर मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होतो. जवळपास चार वर्षं लोकांना विचारायला कोणी सापडलेलं नव्हतं. म्हणून हॉल भरला, मागच्या मुलांना खिडकीत बसावं लागलं.

प्रश्न आम्ही मुद्दाम एकच ठेवला: निवडून आलात तर महापालिकेचा कुठला खर्च कमी कराल, आणि कुठला काही झालं तरी कमी होऊ देणार नाही? काय करणार हे विचारलं की रस्ता, गार्डन, जॉगिंग ट्रॅक, ग्रीन जिम अशी यादी सुरू होते, ती सगळ्यांना पाठ आहे. काय बंद करणार हे विचारायचं आम्ही ठरवलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. वेळ संपली की पीटीचे सर शिट्टी वाजवणार.

पहिली फेरी

पहिल्या फेरीत चौघांनीही एकच उत्तर दिलं. शब्द वेगळे होते इतकंच. भाऊ म्हणाले अनावश्यक खर्च, ताई म्हणाल्या उधळपट्टी, इंजिनिअर म्हणाला लीकेज, वकील म्हणाले भ्रष्टाचार. टाळ्या चौघांनाही पडल्या. या चार शब्दांचं वैशिष्ट्य असं की समोर बसलेल्या कोणाचाच त्यात हात नसतो.

तेव्हा आप्पा उठले. माइक न घेताच म्हणाले, "हेड सांगा."

"म्हणजे?" इंजिनिअरनं विचारलं.

"लेखाशीर्ष. अंदाजपत्रकात 'अनावश्यक खर्च' नावाचं हेड नसतं. कुठल्या हेडमधून किती काढता, ते सांगा."

मागून कोणीतरी म्हणालं, "हाऊ काय सांगी ऱ्हायना भाऊ?" आणि हशा पिकला. पण त्या हशानंतर सभेचा सूर बदलला, हे खरं. ताईंनी प्रामाणिकपणे हेड सांगितलं: सत्कार, उद्घाटनं, पदाधिकाऱ्यांच्या गाड्या आणि चहापाणी. आप्पांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "ताई, हे सगळं शून्य केलंत तरी लासलगावला लिलावात उभ्या ट्रॅक्टरमधून एक कांदा उचलल्यासारखं आहे. महापालिकेचं अंदाजपत्रक तीन हजार कोटींच्या घरात गेलंय." ताई म्हणाल्या, "एक कांदा तर एक कांदा, आप्पा. तो तरी कोणी उचलला आजवर?" मला हे उत्तर आवडलं. रक्कम लहान असली तरी त्या संध्याकाळी नाव घेऊन सांगितलेली ती पहिली कपात होती.

मग भाऊंनी मोठ्या खर्चाला हात घातला. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या मते सभेतलं सगळ्यात खरं बोलणं होतं, आणि आमच्या शिट्टीनं ते मध्येच तोडलं. ते म्हणाले, महापालिकेचा पैसा दोन खिशांत असतो. महसुली खर्च म्हणजे पगार, वीजबिल, पाणी शुद्ध करणं, कचरा उचलणं, देखभाल. भांडवली खर्च म्हणजे नवीन रस्ता, पूल, नाला, इमारत. नगरसेवकाला पाटी लावायला मिळते ती भांडवली कामाची. "गटारीची साफसफाई केली म्हणून कोणी नारळ फोडलेला बघितलाय का?" मग प्रत्येक जण प्रभागात काम मंजूर करून घेतो. तिजोरीत पैसा नसला तरी कार्यारंभ आदेश निघतो, बिल पुढच्या वर्षावर जातं. महापालिकेत याला स्पिलओव्हर म्हणतात. दर वर्षीचं अंदाजपत्रक आधीच्या वर्षाची उधारी डोक्यावर घेऊन जन्माला येतं. त्यामुळे नव्यानं कापायला उरतं काय...

शिट्टी वाजली. सरांचा दोष नाही, नियम आमचाच होता.

त्यांचं वाक्य पुढे कुठे जाणार होतं याचा मला अंदाज आहे, कारण नाशिकनं हा प्रयोग एकदा बघितलाय. फेब्रुवारी २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी प्रत्येक कामाला तीन चाळण्या लावल्या: कामाची गरज आहे का, ते तांत्रिकदृष्ट्या होण्यासारखं आहे का, आणि पैसा आहे का. ही 'त्रिसूत्री' नाशिकच्या राजकारणात अजून शिवीसारखी किंवा ओवीसारखी वापरली जाते, बोलणारा कोण त्यावर अवलंबून. आधी मंजूर झालेली रस्त्यांची कामं थांबली. नगरसेवक आणि आयुक्त समोरासमोर उभे राहिले, अविश्वास ठरावापर्यंत गेलं, ठराव मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बदली झाली. नऊ-दहा महिने. खर्चाला चाळणी लावण्याच्या कल्पनेला आमच्या हॉलमध्ये आजही टाळ्या पडतात. आपल्या गल्लीतलं काम चाळणीवर अडकलं की तोच माणूस विभागीय कार्यालयात जाऊन बसतो.

सकाळची पहिली गाडी

दुसऱ्या फेरीत इंजिनिअरनं टॅब उघडला. त्याचं म्हणणं मुद्द्याला धरून होतं: शहर बस. एसटीनं शहरातली सेवा आवरती घेतल्यावर ८ जुलै २०२१ पासून महापालिकेच्या कंपनीमार्फत सिटीलिंक सुरू झाली. पद्धत ग्रॉस कॉस्ट कॉन्ट्रॅक्टची. म्हणजे बस ठेकेदाराची, त्याला पैसे धावलेल्या किलोमीटरवर मिळतात, तिकिटाचा पैसा महापालिकेचा. गाडी भरून गेली काय किंवा रिकामी गेली काय, ठेकेदाराचं किलोमीटरचं बिल तेच. तिकिटातून जे निघत नाही ते महापालिका भरते. "तोट्यातल्या फेऱ्या बंद करू, वाचलेला पैसा प्रभागांना देऊ," तो म्हणाला. हेड होतं, दिशा होती. आप्पांनी मान डोलावली.

तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. गंगापूर रोडला चार घरी स्वयंपाक करतात. स्वेटरवर शाल, हातात कापडी पिशवी, संध्याकाळचं एक घर उरकून थेट सभेला आलेल्या.

"दादा, मी सकाळच्या पहिल्या गाडीनं जाते. तिच्यात सात-आठ माणसं असतात. तुमच्या हिशेबात ती तोट्याची ना?"

"डेटा बघावा लागेल, मावशी, पण... हो."

"आणि दुपारी मी ज्या गाडीनं परत येते तिच्यात उभं राहायला जागा नसते. ती फायद्याची?"

"हो."

"मग सकाळची बंद केली, तर दुपारी मी परत येणार कुठून?"

दोन-तीन सेकंद कोणी बोललं नाही. मग हॉल हसला, पण इंजिनिअर हसला नाही, ही त्याच्या बाजूची गोष्ट. तो म्हणाला, "हे मी फेरी-फेरीनं बघत होतो. माणसामागे बघायला पाहिजे." आणि त्यानं टॅबवर काहीतरी लिहून घेतलं.

वकिलांनी तिथे आणखी एक काडी टाकली. अशा करारांमध्ये ठेकेदाराला साधारणपणे किमान किलोमीटरची हमी दिलेली असते. हमीच्या खाली गाडी पळवली तरी पैसे द्यावे लागतात. म्हणजे फेऱ्या कमी केल्या की प्रवासी कमी होतात, तिकिटं कमी होतात, आणि बिल त्या प्रमाणात खाली येत नाही. कपातीचा आकडा कागदावर दिसतो त्याच्यापेक्षा प्रत्यक्षात बराच लहान निघतो. करार वाचल्याशिवाय फेरी कापू नका, इतकाच त्यांचा मुद्दा.

त्यांनी कायद्याचंही पुस्तक काढलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. त्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत: पाणी, मलनिस्सारण, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण वगैरे. कलम ६६ मध्ये स्वेच्छेची: बागा, ग्रंथालयं, सार्वजनिक बससेवा यासारखी. पैसा आटला की कात्री कुठे आधी लागणार हे कायद्यानंच लिहून ठेवलंय. मी हे कलम त्याआधी वाचलेलं होतं, पण शाल घेतलेल्या त्या बाई समोर उभ्या असताना 'स्वेच्छेचं कर्तव्य' हा शब्द ऐकायला वेगळाच लागला.

पगाराचा खर्च

यावर फार वेळ गेला नाही, पण गोंधळ मोठा झाला. कोणीतरी म्हणालं, महापालिकेत कर्मचाऱ्यांच्या पगारावर फार पैसा जातो. लगेच दुसरं कोणी म्हणालं, आमच्या गल्लीत झाडायला माणूस येत नाही, भरती करा. दोघं शेजारी शेजारी बसले होते आणि दोघांनाही टाळ्या पडल्या.

आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, ३५ टक्क्यांच्या आत ठेवा अशी शासनाची अट आहे, आणि त्या अटीवर नाशिक महापालिकेची नोकरभरती वर्षानुवर्षं अडलेली आहे. निवृत्त झालेल्याची जागा रिकामी राहते. ही सुद्धा कपातच, फक्त तिच्यावर कधी कोणी मत दिलेलं नसतं. मग काम तर करावंच लागतं, म्हणून ते ठेक्यानं दिलं जातं. ठेक्याचं बिल आस्थापना खर्चात धरलं जात नाही. एका हेडखालचा आकडा आक्रसतो, दुसऱ्याखालचा फुगतो, आणि झाडू मारणारा माणूस तोच राहतो, फक्त कमी पगारावर. हे आप्पांनी समजावलं तेव्हा खिडकीतल्या मुलांपैकी निम्म्यांनी माना खाली घातल्या. ती सरकारी भरतीचीच तयारी करत होती.

ताईंनी इथे २०१८ ची आठवण काढली. कमी पटाच्या महापालिकेच्या अंगणवाड्या बंद करायचा निर्णय तेव्हा झाला होता. "पट कमी आहे म्हणून बंद केल्या. पट कमी का झाला, ते विचारायला कोणी आलं का?" काही अंगणवाड्या खरंच नावापुरत्या होत्या, हे मला माहीत आहे. पण ताईंचा प्रश्न बसच्या बाईंच्याच जातीचा होता, आणि त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

वरचा मजला

भाऊंना शिट्टीचा राग होता, तो त्यांनी तिसऱ्या फेरीत काढला. थेट घोषणा: ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ. सिडकोत बहुतेक घरं त्या मापातली, किंवा मूळची तरी त्या मापातली. हॉल दणाणला.

ही कपातीच्या सभेतली सगळ्यात मोठी कपात होती, पण उत्पन्नातली. मुंबईत ही माफी २०२२ मध्ये मिळाली, ती राज्य सरकारनं कायद्यात बदल केल्यावर. नाशिकच्या नगरसेवकानं सभागृहात हात वर करून ती मिळणार नाही. वकिलांनी हे सांगितलं आणि त्यांना जी शांतता मिळाली, ती पुढच्या रांगेत बसलेला कुठलाही उमेदवार ओळखेल.

नगरसेवकाच्या हातात काय असतं तेही त्यांनी सांगितलं. कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर महासभेनं २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. पण घरपट्टी दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते: घराचं करयोग्य मूल्य आणि कराचा दर. दर महासभा ठरवते, मूल्य प्रशासन. ३१ मार्च २०१८ ला आयुक्तांनी, ज्यावरून करयोग्य मूल्य निघतं त्या वार्षिक भाडेमूल्याचे आकडे वाढवले, मोकळ्या जागाही कराखाली आल्या, आणि शेतकऱ्यांपासून उद्योजकांपर्यंत सगळं शहर रस्त्यावर आलं, ते या मूल्यावरून. 

भाऊंना हे सगळं माहीत आहे. दोन टर्म काढलेल्या माणसाला माहीत नसेल तर कोणाला? ते म्हणाले, "मागणी तर करू द्या." बरोबर आहे, मागणी करायला पैसे पडत नाहीत.

मग आप्पांनी जकातीची गोष्ट काढली. विल्होळी नाक्यावर ट्रकांची रांग लागायची तेव्हा शहराचा पैसा शहरात यायचा. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१७ मध्ये जीएसटी. आता राज्य सरकार दर महिन्याला भरपाई देतं, तिच्यात दर वर्षी ८ टक्के वाढ धरलेली असते. तो पैसा वेळेवर आला तर शहर चालतं. स्वतःच्या हातात उरलं काय, तर घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकामावरचं विकास शुल्क. "त्यातली घरपट्टीपण माफ करा, आणि मग गंगापूर धरणातलं पाणी बादलीनं आणा," आप्पा म्हणाले.

"आधीच घरपट्टी जास्त आहे!" कोणीतरी ओरडलं.

"कुठल्या मजल्याची?" दुसऱ्यानं विचारलं. "वरच्या मजल्याची भरतोस का तू?"

ओरडणारा खाली बसला. पण त्याच्याबरोबर आणखी बऱ्याच माना खाली गेल्या, माझ्या शेजाऱ्याची धरून. करपट्टीवर न आलेल्या मिळकती शहरात हजारोंनी आहेत हे महापालिकेच्या सर्वेक्षणातही दिसलेलं आहे. आणि थकबाकीदारांसाठी दंडमाफीची अभय योजना येते तेव्हा वेळेवर भरणारा वेडा ठरतो. या विषयावर खरं तर अर्धा तास बोलणं व्हायला हवं होतं. तीन मिनिटांत उरकलं, कारण कोणालाच ते लांबवायचं नव्हतं.

सिंहस्थाचा विषय निघणारच होता. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, मुख्य पर्व २०२७ मध्ये. इंजिनिअरचं म्हणणं, राज्य आणि केंद्राचा पैसा येतोय, मग काटकसर कशाला? आप्पांनी दोन खिशांची गोष्ट पुन्हा सांगितली. पूल, रस्ते, मलजल शुद्धीकरण केंद्रं दुसऱ्याच्या पैशातून उभी राहतात. साधू परत गेल्यावर त्यांचं वीजबिल आणि डागडुजी महापालिकेच्या महसुली खिशातून जाते, पुढच्या सिंहस्थापर्यंत. सिंहस्थासाठी तोडायच्या तपोवनातल्या झाडांवरून वाद आधीच सुरू होता, तिकडे सभा घसरू लागली तेव्हा मीच थांबवलं. ते चुकलं की बरोबर होतं, अजून ठरवता आलेलं नाही.

या हॉलचं भाडं किती?

शेवटची दहा मिनिटं उरली होती. वकील बोलत होते: "सवलत हासुद्धा खर्चच असतो, फक्त तो खर्चाच्या पानावर दिसत नाही. महापालिकेच्या किती मिळकती नाममात्र भाड्यानं दिलेल्या आहेत? समाजमंदिरं, व्यायामशाळा, अभ्यासिका. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे जागेच्या सरकारी दराप्रमाणे, भाडं घ्यायचं म्हटलं की गावभर गोंधळ होतो." मग ते माझ्याकडे वळले. "चिटणीस साहेब, या हॉलचं भाडं किती?"

मला आकडा तोंडपाठ होता. आम्ही वर्षाला जेवढं भरतो तेवढ्यात त्या संध्याकाळचा माइक आणि दोन स्पीकरही आले नसते. मी आकडा सांगितला. हॉलमध्ये कुजबुज झाली. बऱ्याच जणांना वाटत होतं की इमारत मंडळाचीच आहे.

भाऊंनी मला वाचवलं. उठून म्हणाले, "ही अभ्यासिका मी मिळवून दिली आहे. इथून किती मुलं पोलिसात लागली विचारा. याला कोणी खर्च म्हणत असेल तर खुशाल म्हणू द्या!" संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी त्यांना पडली. मीही वाजवली.

त्या टाळीत खिडकीतल्या एका मुलीचा प्रश्न जवळजवळ बुडाला. ती एमपीएससीच्या कंबाइन्ड परीक्षेची तयारी करते, रोज पहिली येते आणि खिडकीजवळची खुर्ची पकडते. तिनं विचारलं, "भाडं वाढलं तर आमची फी किती होईल?" आप्पांनी एका पत्रकाच्या पाठीवर अंदाजे भाडं धरून गणित मांडलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. फी दुपटीच्या पुढे जात होती. त्यांनी तो कागद मोठ्यानं वाचला नाही. घडी घालून वहीत ठेवला.

त्या वहीतलं पान मी नंतर बघितलं. डाव्या बाजूला सुचवलेल्या कपाती: सत्कार-चहापाणी, तोट्यातल्या फेऱ्या, पगार, नाममात्र भाडी. प्रत्येकीसमोर ती खोडणाऱ्याचं वर्णन: "आधीच कांदा", "स्वयंपाकवाल्या बाई", "झाडूवाला हवा असलेले", आणि शेवटच्या ओळीसमोर "टाळ्या". खाली बेरीज: ०. मला हे पान सभेचं इतिवृत्त म्हणून जास्त पटतं, मी लिहिलेल्यापेक्षा.

आयोजक म्हणून आमच्या चुका

वेळेचा नियम सरसकट लावला. घोषणा तीन मिनिटांत मावते, स्पिलओव्हर मावत नाही. त्यामुळे जो समजावून सांगत होता त्यालाच शिट्टी बसली, आणि पुढच्या फेरीत तोच माणूस घोषणेवर आला. भाऊंना घोषणेकडे आम्हीच ढकललं असं मी म्हणेन.

अंदाजपत्रकाची चार पानं झेरॉक्स करून वाटली असती तर 'हेड सांगा' म्हणायला आप्पांचीच गरज पडली नसती. विभागीय कार्यालयातून कोणी अधिकारी येणार नाही हे आचारसंहितेमुळे उघडच होतं. मग एखादा निवृत्त तरी शोधायला हवा होता. बसच्या बाई आल्या तो निव्वळ योगायोग. ज्याच्यावर कपात पडणार तो माणूस सभेत हजर असेलच असं नसतं, त्याला आमंत्रण द्यावं लागतं. संध्याकाळी सातला सभा ठेवली तेव्हा सेकंड शिफ्टचा सगळा अंबड कारखान्यात होता.

आणि आम्ही स्वतःला प्रश्नाच्या बाहेर धरलं होतं. प्रश्न विचारणारं मंडळ स्वतः सवलतीच्या छताखाली बसलंय, हे पत्रिकेत कुठेही लिहिलं नव्हतं. वकिलांनी विचारलं नसतं तर कोणी विचारलंही नसतं.

पुढच्या रविवारी, मतदानाच्या चार दिवस आधी, मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. आप्पांनी ठराव मांडला: आमच्या जागेचं वाजवी भाडं काढावं, आम्ही भरतो ती रक्कम आणि ते भाडं यातला फरक अंदाजपत्रकात अभ्यासिकेसाठीचं अनुदान म्हणून उघड दाखवावा, असं पत्र महापालिकेला द्यावं. सवलत सोडायची नव्हती, फक्त तिला हेड द्यायचं होतं. चर्चा तासभर चालली. एक जण म्हणाला, झोपलेल्या कुत्र्याला दगड कशाला मारायचा. दुसरा म्हणाला, आधी बाकीच्या मंडळांना द्यायला सांगा. तिसऱ्यानं विचारलं, आत्ताच कशाला, निकाल तर लागू द्या.

मत घेतलं. कार्यकारिणीत नऊ जण. विषय पाच विरुद्ध चार मतांनी तहकूब झाला. पाचवं मत माझं होतं.